शेवटची बारा मिनिटं

फेब्रुवारीतला पहिला रविवार, ठरलेली रक्कम बाराशे रुपये, आणि ठरवताना हजर माणसं चार: माझे वडील म्हणजे तात्या, आई, मी, आणि निरवांगीच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष शकुंतलामामी. बाराशेत काय काय येणार तेही मामींनी वहीत लिहून घेतलं होतं. सिनेमा एक, मराठी, घरगुती, मारामारी नको. पडदा बारा फुटी. आवाज मागच्या रांगेपर्यंत. सुरुवात साडेअकराला आणि शेवट दोनच्या आत, कारण त्यानंतर बायकांना घरी जाऊन वैरणपाणी करायचं, धारा काढायच्या आणि पाचला डेअरीवर दूध घालायचं असायचं. जनरेटर मांडववाल्याचा, त्याचे पैसे गट वेगळे देणार होता. वहीत सही तात्यांनी केली. आईची कुणी मागितली नाही, पण या सगळ्यात शब्द गेला होता तो तिचाच.

निरवांगी आईचं माहेर. संक्रांतीला ती गेली तेव्हा गटाची बैठक चालू होती. हळदीकुंकू म्हटलं की काही जणी घरीच बसतात, म्हणून यंदा नुसता मेळावा करायचा आणि सगळ्यांना बोलवायचं असं मामींनी ठरवलं होतं. मेळाव्यात करायचं काय यावर कुणी भाषण म्हणालं, कुणी संगीत खुर्ची. आई मागं बसलेली, ती एकदम म्हणाली, आमचे हे पडद्यावर सिनेमा दाखवतील, समद्या मिळून बघू. लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती आणि माहेरच्या माणसांत तिने आपण होऊन काही अंगावर घेतल्याची ही पहिली वेळ. परत आली तेव्हा ती आनंदात होती आणि थोडी घाबरलेलीही. सिनेमा नीट झाला नाही तर पुन्हा त्या गावात कुठल्या तोंडाने जाऊ, हे वाक्य तिने त्या तीन आठवड्यांत मला किमान पाच वेळा ऐकवलं.

आमचं दुकान सणसरला, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दुकान म्हणजे सिनेमाच्या डिस्क भाड्याने देण्याचं, शिवाय कुणी बोलावलं तर पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन जाण्याचं. त्या वर्षी आमच्याकडे एक हजार तीनशे बारा डिस्क होत्या. हा आकडा अंदाजे नाही. दर दिवाळीला तात्या आणि मी मिळून मोजायचो. नकली डिस्क तात्यांनी दुकानात कधी चढू दिली नाही. कव्हरवरचा चकाकता शिक्का बोटाने खरवडून बघायचे आणि मगच घ्यायचे. गाळप चालू असलं की रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, आणि हवेत मळीचा आंबूस गोड वास. पाहुणे नाक धरायचे. आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

आता आमच्या घराची एक पद्धत सांगायला हवी. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. सिनेमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ असते आणि शेवट बाहेरच्या कडेला. लोक डिस्क कडेला धरतात, कडेवरच टेकवतात, पोरं कडेवरून घरंगळत सोडतात. म्हणून डिस्क खराब होते ती शेवटाकडून. हे तात्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं आणि नियम केला की परत आलेल्या प्रत्येक डिस्कची शेवटची दहा मिनिटं चालवून बघायची, मगच रॅकवर ठेवायची. हे काम आईचं. टीव्ही स्वयंपाकघराच्या दारात ठेवला होता. दिवसाला वीस-पंचवीस डिस्क परत येत, म्हणजे रोजचे जवळजवळ चार तास. भाकऱ्या थापताना, घाटे सोलताना, शेंगादाण्याची चटणी कुटताना तिची एक नजर पडद्यावर असायची. त्यामुळे आमच्या घरात दिवसभर शेवट चालू असत. एका मागोमाग एक माणसं मरायची, लग्नं लागायची, ताटातूट झालेले भाऊ गळ्यात पडायचे, पोलीस सगळं झाल्यावर यायचे. शाळेतून घरी येताना रस्त्यावरूनच मला रडण्याचा नाहीतर सनईचा आवाज यायचा. आईने असे काही हजार शेवट बघितले असतील, आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात तिला ठाऊक नव्हती. कोण कुणाचा कोण, कशासाठी रडतोय, हे विचारायला तिला वेळ नव्हता. चित्र अडकलं नाही ना, एवढंच बघायचं.

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज एसटीने जाऊन-येऊन. अभ्यासाला लागतं म्हणून तात्यांनी आधी कॉम्प्युटर घेतला आणि त्या वर्षी फोनच्या तारेवरून इंटरनेट. तेव्हाचा प्लॅन मला आजही पाठ आहे: महिन्याला पहिल्या चार जीबीला वेग एक एमबीपीएस, त्यापुढे महिना संपेपर्यंत दोनशे छप्पन्न केबीपीएस. म्हणजे आधी पळायचं आणि मर्यादा संपली की रांगायचं. आज कन्हेरीतल्या माझ्या घरी फायबर आहे, वेग त्याच्या शंभरपट आहे, आणि तरी माझा मुलगा चित्र दोन सेकंद गोल फिरत राहिलं की राउटरकडे असा बघतो जसा काही त्याने गुन्हा केलाय. मी त्याला काही सांगत नाही. सांगून कळण्यातलं ते नव्हे.

सिनेमा कोणता यावर वाद झाला नाही. आमच्या दुकानातली सगळ्यात जास्त भाड्याने गेलेली घरगुती मराठी डिस्क, नोंदीप्रमाणे दोनशे चौदा वेळा. दोन जावांची गोष्ट. धाकटी बाळंत होते आणि नवऱ्याबरोबर शहरात जाते. तान्ही मुलगी थोरलीच्या पदरात टाकून. थोरलीला मूल नाही. अकरा वर्षांनी धाकटी मुलीला न्यायला येते. वाद झाला तो कशावरून दाखवायचं यावर. माझं म्हणणं, डिस्कचं चित्र घरच्या टीव्हीला ठीक आहे, बारा फुटी पडद्यावर ते फिकट आणि फाटल्यासारखं दिसेल. मी हाय डेफिनिशन फाइल उतरवते, लुगड्याचा काठसुद्धा मोजता येईल. तात्या म्हणाले, डिस्क हातात धरता येते, उजेडात बघता येते, तुझी ती फाइल कुठं हाय ते तरी दाखव. मी म्हटलं, अजून यायची आहे. "मग आल्यावर बोल," ते म्हणाले. आठवडाभर जेवताना हाच विषय. शेवटी आई म्हणाली, दोन्ही घेऊन चला आणि ताट उचला.

फाइल कुठून उतरवली ते सांगण्यासारखं नाही. ती रीतसर वाट नव्हती. तेव्हा आमच्या कॉलेजात कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. शिक्का खरवडून डिस्क घेणाऱ्या माणसाच्या घरात बसून मी हे केलं, याची लाज मला पुढे वाटली आणि अजून वाटते. लिहायला बसलेय तर तेही लिहिते.

फाइल चार पूर्णांक चार जीबीची. माझा हिशेब असा: वेगात असताना सेकंदाला एकशे दहा केबी येतात, म्हणजे चार जीबीला दहा तास. उरलेल्या चारशे एमबीला रांगत्या वेगाने चार तास. एकूण चौदा. घरात लाइट असायची त्यातले कॉम्प्युटरच्या वाट्याला दिवसाचे सात तास. म्हणजे दोन दिवस. तरी जानेवारीत सुरुवात करायची नाही, कारण जानेवारीची मर्यादा बरीचशी वापरून झाली होती. एक तारखेला, मंगळवारी, नवे चार जीबी मिळतील तेव्हा सुरू करायचं आणि बुधवारी संपवायचं. मी कागदावर तक्ता केला आणि कॉम्प्युटरच्या वर चिकटवला. तात्या येता-जाता तो वाचायचे आणि काही बोलायचे नाहीत, म्हणजे त्यांना तो पटला होता.

मंगळवारी सकाळी फाइल लावली. सव्वादोन तास आकडे धावले आणि नंतर एकाएकी एकशे दहाचे अठ्ठावीस झाले. मी तार काढून परत लावली. मॉडेम बंद करून चालू केला. अठ्ठावीसच. बुधवारी कॉलेजहून येताना फोनच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी माझं बिल पुढे घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आमचा महिना अकरा तारखेला सुरू होऊन दहा तारखेला संपत होता. कनेक्शन ज्या दिवशी घेतलं तो दिवस. एक तारखेला मला नवं काहीच मिळालं नव्हतं. जुन्यातले सगळे मिळून नऊशे एमबी शिल्लक होते, तेच मी सव्वादोन तासांत संपवले. ती ओळ दर बिलावर छापलेली होती. मी प्रत्येक बिलाची बेरीज तपासायचे, पैशापर्यंत. वरची ओळ कधी वाचली नव्हती.

घरी हे मी कुणाला सांगितलं नाही. नवा हिशेब मात्र त्याच दिवशी एसटीत केला. रांगत्या वेगाने मंगळवारपासून पस्तीस तास, रोजचे सात धरले तर शनिवारी संध्याकाळी दोन तास कमी पडणार, ते कुठूनतरी काढायचे. त्यात गुरुवारी लाइन दोन तास बंद पडली. शनिवारी लाइट गेली तेव्हा पडद्यावरचा शेवटचा आकडा होता एक्क्याण्णव टक्के. एकशे चाळीस मिनिटांचा सिनेमा, त्यातली एकशे सत्तावीस मिनिटं माझ्याकडे. तेरा नाहीत. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही, माझं संपलं की तात्यांची डिस्क लावायची. जरा फिकट दिसेल, पण गोष्ट तर पुरी होईल. ऐनवेळी सांगू. आधी सांगितलं असतं तर ते आठ दिवस हसले असते.

आता तात्यांचं. त्याच डिस्कबद्दल आईने त्यांना पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं की शेवटाला अडकते. त्यांनी ती टूथपेस्ट लावून, मऊ फडक्याने आतून बाहेर पुसून घेतली. आमच्या धंद्यात चऱ्यांवर हाच इलाज. कधी लागू पडायचा, कधी नाही. पुसल्यावर आईला परत दाखवायची, तर त्यांनी दाखवली नाही. चालली नाही तर काय, वैशीच्या कॉम्प्युटरात पुरा सिनेमा हायच की, असा माझ्यावर भिस्त ठेवून त्यांचा हिशेब. माझ्यापुढे कबूल करायचं तर मी आठ दिवस हसले असते. थोडक्यात, घरात दोन हिशेबी माणसं होती आणि दोघांनीही आपली तूट दुसऱ्याच्या शिलकेवर धरली होती.

रविवारी टेम्पोत कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, प्रोजेक्टर मांडीवर घेऊन आम्ही निरवांगीला गेलो. जागा म्हणजे सोसायटीचं खताचं गोदाम. त्या दिवसांत रिकामं असायचं आणि दिवसाढवळ्या अंधार मिळेल अशी गावात ती एकच जागा. खिडक्या दोन, त्यांना पोती लावली. आत युरियाचा उग्र वास, जमिनीवर ताडपत्र्या. साडेअकराला मी मोजलं तेव्हा एकशे छत्तीस बायका आणि नऊ पोरं. बायकांनी डब्यातून हुरडा आणला होता, गूळ-शेंगदाणे आणले होते, आणि गोदामात एकच आवाज होता तो चघळण्याचा आणि बांगड्यांचा. पुरुष कुणी नको असं मामींचं फर्मान, अपवाद फक्त तात्या आणि बाहेर जनरेटरपाशी बसलेला मांडववाला.

मामींनी दोन्ही लावून बघितलं. आधी डिस्क, एक मिनिट. मग फाइल, एक मिनिट. फाइलवर थोरल्या जावेचा चेहरा आला तेव्हा कपाळावरचं गोंदण दिसलं आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकदम पुढे सरकल्या. "हेच लाव," मामी म्हणाल्या, "ही जित्ती दिसती." तात्या डिस्क पुसून कव्हरात घालून प्लेअरपाशी जाऊन बसले. माझं लक्ष सिनेमात नव्हतं, पडद्याखालच्या मिनिटांच्या आकड्यात होतं. पण मधे एकदा मी आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तोंडावर पदर धरून रडत होती. सिनेमात तेव्हा रडण्यासारखं काही चाललं नव्हतं. थोरली तान्ह्या मुलीला न्हाऊ घालत होती, बाकीच्या बायका हसत होत्या. पुढचं फक्त आईला ठाऊक होतं. दोनशेच्या वर वेळा तिने तो शेवट बघितला होता, आणि तो कुणाचा शेवट आहे हे तिला आज कळत होतं.

एकशे सत्ताविसाव्या मिनिटाला धाकटी मुलीचा हात धरून उंबऱ्यापाशी उभी होती. थोरली आतून म्हणाली, "तिलाच इचार." आणि चित्र थांबलं. मी पटकन उठले, तात्यांच्या कानाशी गेले आणि म्हटलं, तात्या, माझं इथवरच आहे, डिस्क लावा. ते माझ्याकडे बघत राहिले. इतकं निवांत त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी डिस्क घातली, पुढे सरकवली, जागा शोधली. मुलगी एकदा या आईकडे बघते, एकदा त्या आईकडे. एवढं एक मिनिट चाललं. मग चेहऱ्यांचे चौकोन झाले, चौकोन हिरवे झाले, प्लेअरने दोनदा उचकी दिली आणि पडद्यावर निळं आलं.

 नंतर मागून कुणीतरी विचारलं, "आगं पर पोरगी कुणाकडं गेली?" आणि मग एकशे छत्तीस जणी एकदम बोलायला लागल्या. तात्या परत परत डिस्क पुसत होते. मामी उठून आमच्याकडे यायला लागल्या, हातात ती वही. दोघींनी तर पायात चपला घातल्या. मी आईकडे बघायचं टाळलं, कारण तिचं ते वाक्य मला पाठ होतं.

आई उठली. पडद्याच्या पुढे येऊन उभी राहिली, निळा उजेड तिच्या अंगावर. माहेरात ती पदर डोक्यावर घेत नसे, त्या दिवशी घेतला.

"बसा गं समद्या," ती म्हणाली. "म्होरलं म्या बघितलंय. सांगते."

"तू कवा बघितलंस?" मामी म्हणाल्या.

"दोनशे डाव तरी बघितलंय वहिनी. त्येच काम हाय माझं."

चपला निघाल्या. बायका बसल्या. आईने सांगायला सुरुवात केली आणि आधी मला भीतीच वाटली, कारण घरी ती चार वाक्यांच्या वर बोलत नसे. पण तिला घाई नव्हती. मुलगी कशी गप्प उभी राहिली, धाकटीने कपड्यांची पिशवी कशी भरली, थोरलीने वाटेत खायला दशम्या कशा बांधून दिल्या. थोरली मुलीला जा म्हणाली नाही आणि राहाही म्हणाली नाही. धाकटी, तिचा नवरा आणि मुलगी, तिघं फाट्यावर गेली. एसटी आली. मुलगी खिडकीपाशी बसली.

"कंडक्टर आला," आई म्हणाली. "धाकटी म्हनली, दोन फुल, एक हाफ. तशी पोरगी उठली आन म्हनली, हाफ काढू नका. म्या हितंच उतरती."

कुणीतरी नाक ओढलं. मागून आवाज आला, "आन उतरली?"

"उतरली की. चपला हातात घिऊन पळत आली."

"मग थोरली काय म्हनली?"

"थोरली भाकरी थापत हुती. तिनं वर बघितलंच न्हाय. म्हनली, हात धू आन ताटं मांड."

यावर गोदामात जो आवाज झाला तो हसण्याचा की रडण्याचा हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. पुढच्या रांगेत एक साठीची बाई बसली होती, हौसाआक्का. सगळं शांत झाल्यावर तिने एकच विचारलं, "आन तिची आय? ती काय म्हनली?" आईने जरा विचार केला आणि म्हणाली, "ती म्हनली, सुट्टीला धाडत जा." हौसाआक्काने मान हलवली, जणू हे तिला मान्य होतं.

दोन वाजायला आठ मिनिटं कमी होती. मामी पैसे काढायला लागल्या तर तात्यांनी हात मागे घेतला. एकशे चाळीस मिनिटांचं ठरलं होतं, एकशे अठ्ठावीस दाखवली, बारा मिनिटांचे एकशे तीन रुपये वजा करा, मगच घेईन. मामी म्हणाल्या, "पाव्हणं, शेवट ऐकला की आमी." तात्या म्हणाले, ऐकवायचं नव्हतं ठरलं, दाखवायचं ठरलं होतं. गटाच्या बैठकीत काय ते ठरवू, असं म्हणून मामींनी वही मिटली. परतताना टेम्पोत तात्या आणि मी एकमेकांकडे बघत नव्हतो. लासुर्ण्याच्या पुढे आल्यावर आई म्हणाली की डिस्कचंही तिला ठाऊक होतं आणि एक्क्याण्णवचंही. दोघांपैकी कोण आधी बोलतंय याची ती शनिवारपासून वाट बघत होती. मग तात्याच पहिल्यांदा हसले.

सोमवारी मी उरलेली फाइल उतरवून घेतली. चार तास लागले, हिशेबाप्रमाणे. एवढी खटपट केली तर शेवट तरी बघावा म्हणून लावला. त्यात एसटी नव्हती. कंडक्टर नव्हता. पांढरी मोटार होती, मुलगी त्यात बसून जाते, थोरली दारात उभी राहते, मोटार लहान होत जाते, आणि नावं यायला लागतात. मी दोनदा बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दारात गेले. आईपुढे कुठल्याशा सिनेमाचं लग्न चालू होतं आणि ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, आई, त्यात मोटार आहे.

"व्हय," ती म्हणाली.

मग मला हळूहळू कळलं. हौसाआक्काने जावेची मुलगी चार वर्षांची असल्यापासून सात वर्षं सांभाळली होती. दिवाळीत मुलीचे आईबाप आले आणि तिला पुण्याला घेऊन गेले. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सिनेमा ठरवताना आईला गोष्ट ठाऊक नव्हती, फक्त मोटार आणि दारातली बाई ठाऊक होती. गोदामात पहिला तासभर झाल्यावर तिला उमगलं की आपण हे कुणापुढे लावून बसलोय. त्यामुळे चित्र थांबलं तेव्हा आमचं धाबं दणाणलं होतं आणि तिला सुटल्यासारखं झालं होतं.

मी म्हटलं, तरीपण ते खरं नव्हतं.

"तुझं एक्क्याण्णव तू कुणाला सांगितलं हुतंस?" तिने विचारलं, आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली.

आई आता साठीला आली आहे. फोनवर सिनेमे बघते, सगळे सुरुवातीपासून. शेवट जवळ आला की फोन उपडा ठेवते आणि भाजी चिरायला उठते. तात्यांनी दुकान बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली. उरलेल्या डिस्क मी कन्हेरीला आणल्या, आणि ज्वारी हुरड्यात आली की त्या दोरीला बांधून पाखरं उडवायला लावतो. चकाकत फिरतात. सहाशे चाळीस आहेत, दरवर्षी दहा-पंधरा कमी होतात.

त्या फेब्रुवारीत गटाची बैठक दहा तारखेला झाली आणि दुसऱ्या दिवशी मामी सणसरला आल्या. बरोबर हौसाआक्का. चहा झाला. आक्काने दुकानभर नजर फिरवली आणि मला म्हणाली, "पोरी, तुझ्या त्या मशिनीत बघू दे की. ते येष्टीतनं उतरती तेवढंच."

फाइल कॉम्प्युटरात होती. शंभर टक्के. मी आयुष्यात कुणाला चुकीचा आकडा सांगितला नव्हता. न सांगण्याचं पाप केलं होतं, पण सांगितला नव्हता. आईने टीव्हीवरची नजर काढली नाही. मी म्हटलं, "आक्का, ती एक्क्याण्णववरच थांबली. स्पीडचं लिमिट संपलं."

आक्का तात्यांकडे वळली. मग डिस्क तरी द्या, भाडं देते. तात्यांनी बुधवारीच बारामतीहून नवी डिस्क आणली होती, शिक्का खरवडून बघून. ती त्यांच्या कोपराखालच्या खणात होती, मी स्वतः नोंद केली होती. दुकानात असलेली डिस्क नाही म्हणून सांगणं हे त्यांच्या लेखी चोरीसारखंच.

"बाहेर गेलीया," तात्या म्हणाले. खणावर कोपर टेकवून त्यांनी आणखी सांगितलं, "परत येईल असं वाटत न्हाय."

"ऱ्हाऊ द्या मग," आक्का म्हणाली. "ठाऊक हाय मला, काय हुतं ते." आणि ती आईशेजारी जाऊन मेथी निवडायला बसली. त्या दोघी बराच वेळ सुट्टीबद्दल बोलत होत्या. शाळेला सुट्टी कधी लागते, पुण्याहून इंदापूरला किती गाड्या आहेत, मुलीचं तिकीट अजून हाफच लागेल की नाही. जूनपर्यंत हाफच, असं आईने तिला बोटांवर महिने मोजून सांगितलं.

निघताना मामींनी वही उघडली. ठराव झाला होता आणि सचिवाने तो शुद्ध मराठीत लिहिला होता. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे बारा मिनिटांचे एकशे तीन रुपये वजा करण्यात यावेत, आणि ते ज्यांनी ती मिनिटं भरून काढली त्यांना देण्यात यावेत. तात्यांनी ठराव दोनदा वाचला. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी दुकानाचं पावतीपुस्तक घेतलं आणि दोन पावत्या लिहिल्या. पहिली स्वतःच्या नावाने, एक हजार सत्त्याण्णव रुपये, सिनेमा दाखवल्याबद्दल. दुसरीवर आईचं माहेरचं पूर्ण नाव घातलं, आणि ते लिहिताना, मला स्पेलिंग विचारायचे तसं, तिच्या वडिलांचं आडनाव नीट कसं लिहायचं ते त्यांना मामींना विचारावं लागलं. कशाबद्दल या रकान्यात त्यांनी लिहिलं: शेवट सांगितल्याबद्दल. आईने हात पुसून सही केली आणि एकशे तीन रुपये मोजून घेतले.